आधी बांध, मग बाग

पुदुच्चेरीच्या उत्तरेला दहा-बारा किलोमीटरवर, तामिळनाडूच्या विळुप्पुरम जिल्ह्यात, औरोव्हिल हे देशोदेशींच्या माणसांनी वसवलेलं नगर आहे. तिथे येणारा बहुतेक पाहुणा मातृमंदिर या ध्यानमंदिराचा सोनेरी गोल बघायला येतो. गाडी वाहनतळावर लावायची, अभ्यागत केंद्रात माहितीपट बघायचा, पास घ्यायचा आणि साधारण किलोमीटरभर चालत गोलासमोरच्या उंचवट्यावर पोचायचं. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी गाडीची सोय असते. फोटो काढून झाले की मंडळी परत फिरतात, केंद्रात चहा-कॉफी घेतात आणि संध्याकाळच्या आत पुदुच्चेरी गाठतात.

या सगळ्यात सर्वांत कमी बघितली जाते ती ही किलोमीटरभराची वाट. पायाखाली लाल माती, डोक्यावर सावली, दोन्ही बाजूंना दाट हिरवा पडदा. पाहुण्याला वाटतं, इथे जंगल होतंच, त्यातून यांनी वाट काढली. घडलं ते नेमकं उलटं. आधी उघडा माळ होता; त्यावर माणसं येऊन राहिली; झाडं त्यांच्यामागून आली. सोन्याचा गोल जगात दुसरीकडेही बांधता येईल. पन्नास-पंचावन्न वर्षांत वाहून चाललेली माती थांबवून तिच्यावर तिथलंच रान परत उभं करणं ही त्याहून अवघड गोष्ट आहे, आणि तिच्यावर कोणी तिकीट लावलेलं नाही. म्हणून हे प्रकरण त्या वाटेचं आणि केंद्राभोवतीच्या आवाराचं.

२८ फेब्रुवारी १९६८ ला औरोव्हिलचं उद्घाटन झालं. १२४ देशांतून आणि भारतातल्या राज्यांतून आणलेली मूठ मूठ माती एका संगमरवरी कलशात ठेवली गेली. हा कलश कमळाच्या कळीच्या आकाराचा आहे आणि आजही मातृमंदिराजवळच्या रंगमंडलात उभा आहे. त्या दिवसाची छायाचित्रं बघावीत. हजारो माणसं आहेत, रंगीत निशाणं आहेत आणि मागे क्षितिजापर्यंत लाल सपाट माळ. मधूनच एखादा ताड. नगराचा मध्यबिंदू म्हणून ज्याची निवड झाली तो वड एकटा उभा. आज त्या वडाच्या पारंब्यांची खोडं झाली आहेत.

माळाची ही दशा कशी झाली याबद्दल शेजारच्या इरुंबै गावात एक गोष्ट सांगतात. तिथे महाकाळेश्वराचं जुनं शिवमंदिर आहे. कडुवेळी सिद्धर नावाचा योगी पिंपळाखाली इतकी वर्षं तपाला बसला की त्याच्याभोवती वारूळ चढलं. त्याच्या तपाच्या तापाने पाऊस पडेना, म्हणून राजाने देवळातल्या एका नर्तकीच्या मदतीने त्याला समाधीतून उठवलं. पाऊस झाला. उत्सवात नाचताना तिच्या पायातला चाळ निसटला आणि सिद्धराने तो उचलून परत तिच्या पायात घातला. लोक हसले. संतापलेल्या सिद्धराने शिवाला हाक मारली, तशी गाभाऱ्यातली पिंड फुटली आणि तिचे तुकडे जिथवर उडाले तिथवर जमीन ओसाड झाली. पुढे राजाने पाय धरल्यावर तो म्हणाला, शाप तर मागे घेता येणार नाही, पण दूर देशांहून माणसं येतील आणि ही भूमी पुन्हा हिरवी करतील.

गोष्ट गोष्टीच्या जागी ठेवू. शापाशिवायही जमीन ओसाड होते, आणि ती कशी होते हे समजणं बागेच्या दृष्टीने अधिक उपयोगाचं आहे.

हे पठार समुद्रसपाटीपासून पन्नासेक मीटर उंच. माती लोहाची, लाल, आपल्या कोकणातल्या जांभ्याच्या जातीची. पाऊस वर्षाला साधारण १२०० मिलिमीटर. हा आकडा वाईट नाही, मराठवाड्याच्या बऱ्याच भागाला हेवा वाटेल असा आहे. मात्र आपल्याकडचा नैर्ऋत्य मोसमी पाऊस इथे संध्याकाळच्या वळवासारख्या सरींपुरता येतो. खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येकडून, तोही अनेकदा वादळाच्या अंगावर बसून. एका एकरावर १२०० मिलिमीटर पाऊस म्हणजे वर्षाला ४८ लाख लिटर पाणी. हे पाणी थोडक्या दिवसांत पडतं. ३० नोव्हेंबर २०२४ ला फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ जमिनीवर आलं, तेव्हा पुदुच्चेरीत चोवीस तासांत ४५ सेंटिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. म्हणजे एका एकरावर एका दिवसात १८ लाख लिटर.

डोक्यावर झाड आणि पायाशी पाचोळा असेल तर हे पाणी तुकड्यातुकड्याने, सावकाश जमिनीवर उतरतं. उघड्या मातीवर मात्र प्रत्येक थेंब आदळतो, मातीचे बारीक कण सुटतात, तेच कण मातीच्या छिद्रांत जाऊन बसतात आणि वर एक घट्ट पापुद्रा तयार होतो. मग पाणी मुरायचं थांबतं आणि पळायला लागतं. पळणारं पाणी आधी बोटभर चर पाडतं, मग हातभर, मग पुरुषभर. औरोव्हिलच्या माळावर अशा घळी पडल्या होत्या, काही ठिकाणी खोल दऱ्याच. दर पावसाळ्यात लाल गाळ बंगालच्या उपसागरात जायचा. झाडं तोडली गेली ती इमारतीसाठी, जळणासाठी आणि शेतीसाठी, पिढ्यान्‌पिढ्या. उरलेल्या रोपांचा फडशा शेळ्यांनी पाडला. राहिले ते ताड, काही काजू आणि पावसावर येणारा भुईमूग.

साठच्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरच्या दशकात इथे राहायला आलेल्या माणसांना आधी सावली हवी होती. त्यांनी रोपं लावली, बैलगाडीतून पाणी आणून घातलं, गुरांपासून वाचवायला काट्यांची कुंपणं केली. बरीच रोपं मेली. मग ध्यानात आलं की लावायचं आहे ते पाणी. झाड त्याच्यामागून येईल. आपल्याकडे ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा आता भिंतीभिंतीवर असते. इथे तिचा अर्थ शब्दशः घेतला गेला. पठारावर उताराला आडवे मातीचे बांध घातले, प्रत्येक तुकड्याच्या कडेने, गुडघाभर-मांडीभर उंचीचे. घळींमध्ये पायरीपायरीने छोटे बंधारे. सखल जागी तळी. हेतू एवढाच की ज्या शेतात पाऊस पडला त्याच शेतात तो मुरावा. शेजाऱ्याच्या शेतातही जाऊ नये.

औरोव्हिलच्या पायवाटांवरून चालताना कडेला मातीची एक लांबट, गवताने झाकलेली उंची दिसत राहते. बहुतेकांना ती वाटेची कड वाटते. तोच हा बांध. त्याच्या दोन बाजू नीट पाहिल्या तर फरक कळतो. चढाच्या बाजूला माती बारीक, मऊ, गाळाची असते, पाचोळा साठलेला असतो आणि रोपं दाट असतात. दुसऱ्या बाजूला खडा वर आलेला असतो. बांध दरवर्षी थोडा बसतो. उंदीर-घुशी त्यात बिळं करतात. एका बिळातून पाणी निघालं की पुढच्या तासाभरात बांध फुटतो. त्यामुळे पावसाळ्याआधी बांध बघून येणं हे तिथल्या बागकामातलं पहिलं काम आहे, छाटणीच्याही आधीचं. आपल्याकडे ताली घालणारा शेतकरी हे वाचून मान डोलावेल.

पाणी थांबल्यावर झाडं. पहिल्या फळीत आलं ऑस्ट्रेलियन बाभळीच्या कुळातलं झाड, अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस. आपल्या वाचकाला हे झाड नवं नाही. सामाजिक वनीकरणात कोकणात, रस्त्यांच्या कडेला, माळांवर ते हजारोंनी लावलं गेलं आणि लोक त्याला नुसतं ‘अकेशिया’ म्हणतात. मूळचं उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीचं. त्याला जी पानं म्हणून आपण ओळखतो ती खरी पानं नाहीतच. देठ पसरट होऊन कोयतीसारखा वाकला आहे आणि तोच पानाचं काम करतो. शेंग पिळवटून कानाच्या पाळीसारखी होते. ती उकलली की आत काळी चकचकीत बी दिसते आणि तिच्याभोवती नारिंगी धाग्याचा वेढा. बी त्या धाग्याने शेंगेला लोंबत राहते. नारिंगी धागा पक्ष्यांना हवा असतो. धाग्यासाठी बी जाते आणि भलतीकडे पडते. इतका विचार करून पसरणारं झाड उघड्या माळावर उपयोगी पडणारच. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, सात-आठ वर्षांत झाड सावली धरतं, पाचोळ्याचा थर पडतो. औरोव्हिलच्या संस्थापक श्रीमाताजींनी शेकडो फुलांना गुणवाचक नावं दिली होती. त्यात या झाडाच्या पिवळ्या फुलाला त्यांनी दिलेलं नाव ‘काम’ असं आहे, आणि औरोव्हिलमध्ये हे झाड ‘कामाचं झाड’ म्हणूनच ओळखलं जातं.

कामाचं झाड काम संपल्यावर जायला हवं, हे मात्र सगळीकडे कळत नाही. पुण्याच्या टेकड्यांवर लावलेल्या गिरिपुष्पाचं उदाहरण बघा. टेकडी हिरवी झाली हे खरं. पण त्या दाटीखाली दुसरं काही वाढायला जागा उरली नाही आणि टेकडीचं स्वतःचं गवत व झुडपं मागे हटली. औरोव्हिलच्या वनकऱ्यांनी अकेशियाच्या सावलीचा उपयोग आडोसा म्हणून केला. तिच्याखाली हळू वाढणारी स्थानिक रोपं लावली आणि ती डोकं वर काढू लागली तशी वरची झाडं विरळ करत नेली. लाकूड फर्निचरला आणि जळणाला गेलं. हे सगळीकडे सारखं साधलं असंही नाही. काही तुकडे अजून अकेशियाचेच आहेत. पण दिशा ठरली होती.

दिशा कशी ठरली? या माळाचं मूळ रान कोणतं, हा प्रश्न आधी सोडवावा लागला. माळावर त्याचा मागमूस नव्हता. उत्तर मिळालं देवळांभोवती. कोरोमंडल किनाऱ्यावर खेडोपाडी अय्यनार आणि ग्रामदेवतांची ठाणी आहेत, मातीचे मोठे घोडे मांडलेली, आणि त्यांच्याभोवती देवाचं रान राखलेलं. तमिळमध्ये त्याला ‘कोविल काडु’ म्हणतात. आपली देवराई तीच. पुदुच्चेरीच्या उत्तरेला किनारी रस्त्याजवळ कीळपुत्तुपट्टु इथे अय्यनारचं असंच रान आहे आणि वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला आहे. आपल्याकडे १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवराया धुंडाळल्या, त्यांचं महत्त्व जगापुढे मांडलं, ते काम इथे आठवल्याशिवाय राहत नाही. देवाच्या भीतीने राखलेले हे चार-दोन एकराचे तुकडे नसते, तर कोरोमंडलच्या रानाची यादी करायलाही कोणी उरलं नसतं. बिया तिथून आल्या. रोपवाटिका तिथल्या बियांवर उभ्या राहिल्या. १९७३ साली सुरू झालेलं पिचांडीकुळम हे वन आणि २००० साली सुरू झालेलं पन्नास एकरांचं औरोव्हिल वनस्पती उद्यान ही या कामाची दोन मोठी ठिकाणं. पिचांडीकुळमच्या मंडळींनी पुढे चेन्नईत अड्यारच्या खाडीकाठची कचऱ्याने भरलेली ५८ एकर जागा सुधारायला हात दिला. ती २०११ साली उद्यान म्हणून उघडली.

या रानाचं शास्त्रीय नाव उष्णकटिबंधीय शुष्क सदाहरित वन. कोरड्या प्रदेशात सदाहरित रान ही विलक्षण गोष्ट आहे. कोरड्या ऋतूत झाडं पानं गाळतात हा आपला नेहमीचा अनुभव; साग, पळस, सावर सगळे उन्हाळ्यात उघडे होतात. इथली झाडं सहा महिन्यांचा कोरडा काळ हिरवी राहून काढतात. पानं लहान, जाड, चामड्यासारखी, वर मेणचट चकाकी. उंची फारशी नाही, दहा-बारा मीटर. खालपासून इतकी गच्च की माणसाला आत शिरताना वाकावं लागतं. वेली भरपूर. बहुतेक झाडांची फळं गरदार; बुलबुल, वटवाघळं आणि उदमांजरं ती खाऊन बिया पसरवतात. त्यामुळे एकदा दहा-वीस झाडं फळाला आली की पुढची लावणी पक्षीच करतात.

मराठी माणसाने या रानात शिरावं आणि ओळखीचे चेहरे शोधावेत. मला या परिसराचं सर्वांत जास्त आकर्षण वाटतं ते त्यासाठी. करवंदाची जात इथे आहे. वाघाटीचा काटेरी वेल आहे. आषाढी एकादशीचा उपास सोडताना द्वादशीला जिची भाजी आपल्याकडे मुद्दाम करतात तीच वाघाटी. गुंजेचा वेल आहे. पावसाळ्यानंतर कळलावीची तांबडी-पिवळी फुलं झुडपांतून वर येतात. तामिळनाडूने तिला राज्यफूल केलं आहे. बहावा, माकडलिंबू, जांभूळ आहेत. आणि अंजनी आहे. महाबळेश्वरच्या रानाचं वर्णन वनस्पतिशास्त्रज्ञ तीन झाडांच्या नावाने करतात: अंजनी, जांभूळ आणि पिसा. त्यातली दोन इथे, हजार किलोमीटरवर, समुद्राच्या शेजारी, महाबळेश्वरच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतक्या पावसात उभी आहेत. अंजनी फुलते तेव्हा काळपट फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके थेट चिकटलेले असतात. महाबळेश्वरला हा बहर ज्याने पाहिला असेल तो इथेही झाड लांबून ओळखेल.

या रानाचा राजा मात्र खिरणी. कोकणात रांजण, गुजरातकडे रायण, तमिळमध्ये पालै. पान जाड, आणि टोकाला निमुळतं होण्याऐवजी किंचित आत दबलेलं, खाच पडलेलं. झाड ओळखायची ही सोपी खूण आहे. उन्हाळ्यात बोराहून लहान, लांबट पिवळी फळं येतात, अतिशय गोड. खाल्ल्यावर चिकाने ओठ चिकटतात, मुलं त्याची पर्वा करत नाहीत. लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. तेलाच्या घाण्यांना ते वापरत. हे झाड वाढायला फार वेळ घेतं. माणसाने लावलेल्या खिरणीची खरी सावली नातवंडांच्या वाट्याला येते. म्हणूनच वनीकरणाच्या सरकारी उद्दिष्टांत तिला जागा मिळत नाही. तीन वर्षांत दाखवता येईल असं तिच्याजवळ काही नसतं.

आणि तरीही महाराष्ट्रातल्या लक्षावधी लोकांनी खिरणीच्या उपकाराचं फळ खाल्लं आहे. डहाणू-घोलवडचा चिकू २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळवून प्रसिद्ध झाला. चिकू हे मध्य अमेरिकेतून आलेलं झाड; त्याचं कलम बांधताना खाली जो खुंट वापरतात तो खिरणीचा असतो. दोघं एकाच कुळातली, त्यामुळे कलम एकजीव होतं. वर चिकूची गोडी आणि खाली खिरणीची चिवट मुळं. आपल्या बागायतदाराला खिरणी खुंट म्हणून माहीत आहे. औरोव्हिलच्या वाटेवर ती पूर्ण झाड म्हणून भेटते.

ही निवड योग्य होती का, याची परीक्षा ३० डिसेंबर २०११ च्या पहाटे झाली. ‘थाने’ नावाचं चक्रीवादळ कडलूर आणि पुदुच्चेरीच्या दरम्यान किनाऱ्यावर आदळलं, वाऱ्याचा वेग ताशी १४० किलोमीटरपर्यंत. औरोव्हिलमध्ये सकाळी रस्ते नाहीसे झाले होते, इतकी झाडं आडवी पडली होती. पडलेल्यांत भरभर वाढलेली परदेशी झाडं मोठ्या संख्येने होती. उथळ मुळं, ठिसूळ लाकूड, मोठा माथा. ठेंगणं, हळू वाढलेलं स्थानिक रान बऱ्यापैकी तगलं. शेकडो वर्षं अशीच वादळं सोसत ते घडलं आहे. वनकऱ्यांच्या दृष्टीने हा मोठा घाव होता, पण जिथे अकेशिया कोसळली तिथे उजेड आला आणि खालची स्थानिक रोपं वर उठली.

अभ्यागत केंद्राची इमारतही याच मातीची आहे. नव्वदच्या दशकाच्या उंबरठ्यावर ती बांधली गेली. आरेखन वास्तुरचनाकार सुहासिनी अय्यर-गिगां यांचं. जागेवरची लाल माती, त्यात साधारण पाच टक्के सिमेंट, आणि हाताने चालवायच्या दाबयंत्रात दाबलेल्या विटा. या विटा भट्टीत भाजत नाहीत, सावलीत ओल्या ठेवून पिकवतात. जळण लागत नाही. कमानी आणि घुमटांमुळे लोखंड आणि काँक्रीट कमी लागलं. या केंद्राला १९९२ साली गरिबांसाठीच्या वास्तुकलेचा हसन फतही पुरस्कार मिळाला. मातीच्या बांधकामात एक प्रश्न नेहमी राहतो, खणलेल्या खड्ड्याचं काय करायचं. इथल्या पद्धतीत तो आधीच ठरलेला असतो: खड्ड्याला पावसाचं पाणी साठवायचं तळं करायचं, नाहीतर त्यात झाडं लावायची. भिंत आणि तळं एकाच खणण्यातून निघतात. औरोव्हिलच्या वसाहतींत सांडपाण्याचंही असंच आहे. गाळणीच्या टाक्यांनंतर ते पाणी खडीच्या वाफ्यांतून, लव्हाळ्यांच्या आणि कर्दळीच्या मुळांमधून सोडतात आणि मग झाडांना देतात.

आता मातृमंदिराच्या बागा. गोलाभोवती बारा पाकळ्या आणि त्यांच्या बारा बागा: अस्तित्व, चेतना, आनंद, प्रकाश, जीवन, शक्ती, संपत्ती, उपयुक्तता, प्रगती, तारुण्य, सुसंवाद आणि परिपूर्णता. ही श्रीमाताजींची कल्पना आणि त्या बागा चिंतनासाठी आहेत. हिरवळ, कारंजी, दगडी रचना, निवडक फुलं. सुंदर आहेत, आणि ज्यांना तिथे शांतता मिळते त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण खेड्यातल्या अभ्यागत केंद्राने आपल्या आवारात काय लावावं, असं मला कोणी विचारलं, तर मी या बागांकडे बोट दाखवणार नाही. तिकडे जाणाऱ्या वाटेकडे दाखवीन. कारण हिशेबाचं आहे. उन्हाळ्यात हिरवळीला चौरस मीटरमागे रोज पाचेक लिटर पाणी लागतं, म्हणजे एकराला वीस हजार लिटर, दहा हजार लिटरचे दोन टँकर, दररोज. खिरणी, अंजनी आणि करवंद यांना पहिली दोन-तीन वर्षं जगवलं की पुढे पाण्याची मागणीच नसते.

रान परत उभं राहिलं की नवे प्रश्नही उभे राहतात. औरोव्हिलच्या मूळ आराखड्यात पन्नास हजार वस्तीचं नगर आहे आणि त्यात वर्तुळाकार रस्ता आहे. डिसेंबर २०२१ मध्ये त्या रस्त्यासाठी झाडं तोडायला यंत्रं आली, तिथे राहणारे लोक आडवे झाले. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०२२ मध्ये काम थांबवलं. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लवादाचा तो आदेश रद्द केला आणि ही जमीन कायद्याच्या अर्थाने वन नाही हे मान्य केलं. नगर वसवायचं ठरलेलं होतं, हेही खरं. आणि ज्यांनी बैलगाडीने पाणी घालून ही झाडं जगवली त्यांचा जीव तुटला, हेही खरं. माझं मत असं की आखणीतला रस्ता झाडासाठी वळवता येतो आणि वळवावा. खिरणीसारखं झाड पुन्हा तेवढं व्हायला माणसाचं आयुष्य लागतं.

हे वाचून कोणाला वाटेल की आपणही आपल्या माळांवर झाडं लावावीत. तिथे एक सावधगिरी हवी, कारण आपल्या राज्यात नेमकी इथेच चूक होते. औरोव्हिलचा माळ रान तोडून उघडा झालेला होता. साताऱ्याजवळचं कास पठार, रत्नागिरी-सिंधुदुर्गातले जांभ्याचे सडे हे उघडे दिसतात, पण ते ओसाड नाहीत. तिथल्या कातळावर माती बोटभर, पावसाळ्यात पाणी साचतं, आणि त्या बोटभर मातीत गवतं, सीतेची आसवं, कीटकभक्षी दवबिंदू अशी फुलं पिढ्यान्‌पिढ्या उगवतात. २०१२ साली पश्चिम घाटाची स्थळं जागतिक वारसा यादीत गेली, त्यात कासही आहे. अशा जागी खड्डे खणून, बाहेरची माती टाकून झाडं लावली तर तिथली फुलं मरतात आणि झाडंही धड जगत नाहीत. काही सड्यांवर कातळशिल्पं आहेत. खड्ड्यासाठी चालवलेलं यंत्र ती कायमची पुसून टाकील. उघडी जागा दिसली की झाड लावायचं, हा नियम होऊ शकत नाही. आधी तिथल्या जुन्या माणसांना, देवराईला, गुराख्यांना विचारायचं: इथे पूर्वी काय होतं? औरोव्हिलला उत्तर मिळालं ‘खिरणी’. कासला उत्तर आहे ‘गवत’.

महाराष्ट्रात दरवर्षी नवी निसर्ग माहिती केंद्रं, पर्यटक निवास, गडांच्या पायथ्याची केंद्रं उभी राहतात. आत सह्याद्रीच्या जैवविविधतेचे रंगीत फलक असतात आणि बाहेर हिरवळ, बॉटल पाम, ड्युरांटाची कापलेली कुंपणं. फलकावर ज्या झाडाचं चित्र आहे ते झाड आवारात एकही नाही. पाहुण्याला अंजनीचं चित्र बघून काय कळणार? तिच्या सावलीत बाक टाका. हिरवळीच्या जागी तिथल्या सड्याचं गवत राखा आणि त्यातून एक अरुंद वाट काढा. उताराला बांध घाला आणि त्याच्याशेजारी फलक लावा, की मागच्या पावसात या बांधाने किती पाणी धरलं. जवळच्या देवराईच्या गुरवाला आणि गावकऱ्यांना विचारून, त्यांच्या संमतीने मूठभर बिया आणा. केंद्राची रोपवाटिका गावातल्या बायकांच्या गटाकडे द्या. बी कधी पिकतं, कुठल्या झाडाचं रुजतं, हे त्यांना कुठल्याही ठेकेदारापेक्षा जास्त माहीत असतं. खर्च हिरवळीपेक्षा कमी येईल आणि मे महिन्यात टँकर मागवावा लागणार नाही.

औरोव्हिलला जायचं तर पाऊस सरल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत जावं. तळी भरलेली असतात, ऊन सुसह्य असतं. गोल बघाच. पण जाताना गाडीत बसू नका, चालत जा, वाटेच्या कडेचा बांध शोधा, आणि टोकाला खाच असलेलं जाड पान दिसलं तर थांबा. ती खिरणी आहे. घरी आल्यावर जवळच्या रोपवाटिकेत तिचं रोप मागा. मिळणार नाही, कारण कोणी मागतच नाही. तरी मागा. दहा जणांनी मागितलं की रोपवाटिकावाला ठेवू लागतो.